भिंतीचं काय धरलं?

चांदभाई मिस्त्री कुणाच्याबी घरी गेले का आधी भिंत वाजवायचे. हातात पाण्याचा तांब्या घ्यायच्या आधी, चपला काढायच्याबी आधी. उजव्या हाताची दोन बोटं वाकवायची, टक टक करायचं, आन् कान जरासा तिरका धरायचा. डॉक्टर पोराची छाती वाजवून बघतो तसं. मग एवढंच म्हणायचे, "बरीय." काहीच म्हणले न्हाईत तर घरवाल्यानं समजून जायचं का भिंत आतनं पोकळ हाय. पाव्हण्याच्या घरी जाऊन त्याच्या भिंतीला नाव ठेवायचं बरं दिसत न्हाई, म्हणून गप बसायचे. पर गप बसल्यालं लोकांना जास्त लागायचं.

मी त्यांच्या हाताखाली बावीस वर्सं बिगारी केली. शिरूरात आजबी सांगते मी कंच्या घराचा गिलावा त्यांच्या हातचा हाय. उन्हं तिरपी पडली का दिसतो. एक लाट दिसायची न्हाई भिंतीवर.

माझा मालक वारला तवा धाकटी कडंवर होती आन् थोरला पहिलीत. स्टँडापाशी सकाळचा मजुरांचा अड्डा भरायचा, तिथं जाऊन उभी राह्यले. दोन दिवस कुणी घेतलं न्हाई. माझं अंग ते काय, वाळल्याली काटकी. ठेकेदार यायचे, बायांच्या दंडाकडं बघायचे आन् दुसरीला घिऊन जायचे. तिसऱ्या दिवशी मिस्त्री सायकलवर आले. सायकलच्या नळीला भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा बांधल्याला, पिशवीत गिलाव्याची थापी.

"नाव काय?"

"हौसा."

"काम केलंय का हे?"

"न्हाई."

"खरं बोलली," म्हणले. "चल."

पयल्या दिवशी मी घमेलं काठोकाठ भरायचे. म्हणलं, दिसू दे ह्यांना मला जोर हाय ते. शिडीवर दुसऱ्याच पायरीला पाय लटपटला. मिस्त्री वरनं बघत होते. खाली उतरले, माझ्या घमेल्यातला अर्धा माल थापीनं परत खाली लोटला.

"हौसाबाय, घमेलं अर्धं भर, फेऱ्या दोन मार. भिंतीला घाई न्हाई. मान एकच हाय."

बावीस वर्सं मी अर्धं घमेलं भरलं. माझ्या बरोबरच्या बाया मानंनं गेल्या, कुणाची पाठ गेली. मी आज सत्तरीला आले तरी मान सरळ हाय. ती त्यांची हाय.

त्यांची बायको जैतूनभाबी. लई बोलकी. मिस्त्री दिवसाला जेवढं बोलायचे तेवढं ती चहा गाळता गाळता बोलायची. गावात काय, विधवा बाई आन् मिस्त्री रोज एका सायटीवर म्हणल्यावर तोंडं हालणारच. एकदा एका बाईनं तिलाच जाऊन सांगितलं. भाबी दुसऱ्या दिवशी डबा घिऊन सायटीवर आली, माझ्या शेजारी विटांवर बसली आन् सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हौसे, तुझं नशीब माझ्यापेक्षा बरं. दिवसा तू ह्याच्याबरोबर असतीस तवा हा जागा असतो. माझ्या वाट्याला नुसतं घोरणं." सगळे हसले. त्या दिवसापासनं कुणी काय बोललं न्हाई. डब्यात तिच्या हातची चण्याची डाळ आन् दोन भाकरी जास्तीच्या होत्या. त्या माझ्या पोरांसाठी. ते तिनं सांगितलं न्हाई आन् मी विचारलं न्हाई.

त्यांना एकच पोरगी, रेश्मा. तिला दौंडचं स्थळ आलं. पोराचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, घर रेल्वे लाईनीच्या बाजूला. बघायच्या दिवशी मला संगं नेलं होतं. सगळे गादीवर बसल्यात, सरबत आलंय, आन् मिस्त्रींनी भिंत वाजवली. गप बसले. भाबीनं डोळे मोठे केले. तेवढ्यात बाहेरनं मालगाडी गेली आन् भिंतीवरचं कॅलेंडर हालाय लागलं. पोराचा बाप ओशाळला. "सवय व्हतीया, पाव्हणं," म्हणला. "आमाला तर गाडी न्हाई गेली तर झोप न्हाई लागत."

मिस्त्री म्हणले, "पोरगं चांगलंय. मला पसंत हाय. पर लग्नाआधी दोन दिवस मला घरात येऊ द्यावं लागंल."

कुणाला काय कळंना. लग्नाच्या आधी मी आन् मिस्त्री एस्टीनं दौंडला गेलो, ती भिंत खरवडली, जाळी मारली, परत गिलावा केला. मुलीचा बाप सासरच्या घरी गिलावा करतोय. लोक दारात येऊन बघून जायचे. मिस्त्री म्हणले, "लोक पोरीला फ्रीज देत्यात. मी भिंत दिली." आजबी ती भिंत हालत न्हाई, रेश्मा सांगती.

आता मेन सांगायचं ते खोल्यांचं.

मिस्त्रींनी जन्मभर दुसऱ्याच्या खोल्या बांधल्या. कारखानं आल्यावर शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, सगळीकडं लोक खोल्या बांधाय लागले. ज्याच्या जिमिनी गेल्या त्यानं खोल्या बांधल्या, ज्याच्या न्हाई गेल्या त्यानंबी बांधल्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, बाहेर मोरी. एका वळीला धा-बारा. कामगार लांबनं लांबनं यायचे, बिहार, ओडिशा, लातूर, बीड. खोली पुरी व्हायच्या आधी भाडेकरू हजर. मालक कट्ट्यावर बसून खायचा. आन् ज्यानं बांधली तो मिस्त्री सायकलवर परत शिरूरला.

एका शेतकऱ्यानं मागं मजुरीच्या बदल्यात मिस्त्रींना रांजणगावच्या अंगाला दोन गुंठं दिलं होतं. पैसं न्हाईत, जागा घ्या म्हणला. तवा तिथं काय नव्हतं, बाभळी. नंतर कंपन्या आल्या, रस्ता आला आन् त्या दोन गुंठ्याचं तोंड रस्त्यावर आलं. जागा व्हती, बांधायला पैसा नव्हता.

मिस्त्रींचं गुडघं तवा बोलाय लागलं होतं. शिडी चढताना एक हात गुडघ्यावर ठेवायचे. एकदा दुपारी भाकरी खाताना म्हणले, "हौसाबाय, मिस्त्रीला पेन्शन न्हाई. थापी खाली ठेवली का चूलबी खाली."

"मग काय करायचं म्हणता?"

"घर हाय ना शिरूरात. त्याच्यावर कर्ज उचलायचं. त्या घरानं सात खोल्या जन्माला घालायच्या. मग खोल्या भाडं देतील आन् भाड्यात घर सुटंल."

मला काय ते पटंना. मी दुसरीपातुर शाळंत गेल्याली बाई, पर एवढं कळत होतं का राहतं घर गहाण पडणार. आमच्यात गहाण हा शब्दच वंगाळ. मंगळसूत्र गहाण पडलं का बाई पदर पुढं घिऊन चालती. मी म्हणले, "मिस्त्री, मला अर्धं घमेलं भर म्हणता आन् तुमी काठोकाठ भरताय."

ते हसले.

पतसंस्थेतनं एक साहेब आला, घराची किंमत करणारा. मिस्त्रींनी आदल्या दिवशी घराला रंगाचा हात मारला, मला बोलवून अंगण सारवून घेतलं. भाबीनं पोहे केले. पोरीला बघाय पाव्हणे यावेत तसं. ते घर मिस्त्रींनी सोताच्या हातानं बांधल्यालं. बांधताना दिवसा दुसऱ्याची सायट करायचे आन् सुट्टीच्या दिवशी आपली वीट. पाच वर्सं लागली. त्या घराची भिंत वाजवली का देवळातल्या खांबावानी भरल्याला आवाज यायचा.

साहेबाकडं एक डबी होती. त्या डबीतनं भिंतीवर लाल ठिपका पडायचा आन् मोजमाप कळायचं. मिस्त्री म्हणले, "आपला ओळंबा आता टिकली लावाय लागला." साहेबानं लिहून घेतलं. पोहे खाल्ले. जायला निघाला तवा मिस्त्रींनी विचारलं,

"साहेब, भिंतीचं काय धरलं?"

"काका, भिंतीचं काय धरायचं? जुनं बांधकाम हाय. त्यात घसारा जातो. भाव जागेला."

"घसारा म्हंजी?"

"म्हंजी जेवढं झिजलं तेवढं वजा."

मिस्त्रींनी भिंत वाजवली. "ऐका की एकदा."

"आवाजाचा कॉलम नसतोय, काका."

मिस्त्री आपल्या गुडघ्याकडं बघून म्हणले, "मग माझंबी वजा करून टाका. मीबी झिजलोय." साहेब हसला न्हाई. आतनं भाबी एवढी हसली का तिला ठसका लागला.

त्या दिवसापासनं त्यांच्या घरात ती म्हणच पडली. मिस्त्री जेवताना लोणचं चांगलंय म्हणले का भाबी म्हणायची, "लोणचं दुकानातलं हाय. सकाळपासनं चुलीपुढं बसले, त्या भिंतीचं काय धरलं?" मी कुणाच्या लग्नात नवी साडी नेसून गेले आन् लोकांनी साडीलाच चांगलं म्हणलं तर मिस्त्री लांबनं म्हणायचे, "हौसाबाय, भिंतीचं काय धरलं त्यांनी?" मला हसू यायचं. माझ्याकडं बघून असं बोलणारं दुसरं कोण नव्हतं.

कागद द्यायच्या दिवशी भाबीनं पेटीतनं घराची फाईल काढली. आपल्या निकाहच्या लाल ओढणीत गुंडाळली. सही तिचीबी लागत होती, घर दोघांच्या नावावर. पतसंस्थेतला कारकून म्हणला, "चाची, हितं अंगठा द्या. घर तारण ठेवताय म्हणून."

"गहाण म्हणा की सरळ," भाबी म्हणाली.

"गहाण न्हाई, तारण म्हणत्यात आता."

मिस्त्रींना तो शब्द लई आवडला. "बघ, तारण. तारणारं."

"तारणारं का मारणारं ते नंतर कळतंय," भाबी म्हणाली, "अंगठा आधी लागतो." मग तिनं अंगठा दिला. फाईल पलीकडं गेली, कारकुनानं ओढणी सोडून परत दिली. ती रिकामी ओढणी भाबीनं घडी करून मांडीवर ठेवली आन् मिस्त्रींना म्हणाली, "अजी, हे कागद परत ह्याच ओढणीत घालून माझ्या मांडीवर आणून ठेवायचे. मधी कुणाच्या हातात द्यायचे न्हाईत."

"सात वर्सात आणतो."

"दिवस मोजणार हाय मी."

घराच्या उताऱ्यावर पतसंस्थेचं नाव चढलं. त्याला बोजा म्हणत्यात. बोजा चढला. मी जन्मभर डोक्यावर बोजा वाह्यल्याली, मला तो शब्द चांगलाच कळला.

खोल्या बांधताना मिस्त्री जवान झाल्यागत दिसायचे. पयल्यांदा सोताच्या भिंतीवर थापी चालत होती. दुसऱ्याच्या खोल्यांना मालक खिडकी बारकी ठेवा म्हणायचे, खर्च वाचतो. मिस्त्रींनी सातीबी खोल्यांना पूर्वेला मोठी खिडकी काढली. तीन फूट रुंद. म्हणले, "जन्मभर लोकांनी मला अंधार बांधाय लावला. माझ्या खोलीत सकाळी सकाळी उजेड आला पाहिजे. माणूस उजेडात उठला पाहिजे."

सातीबी खोल्या भरल्या. भाडेकरूंत रामप्रवेश म्हणून बिहारचा एक गडी होता, मोठ्या मिशीचा, गंभीर. कंपनीत रात्रपाळीला. महिना झाला असंल, मी आन् मिस्त्री भाड्यासाठी गेलो तर काय, सात खिडक्यांतल्या पाच खिडक्यांना आतनं पुठ्ठं लावल्यालं. कंपनीच्या खोक्यांचं. कुणी वर्तमानपत्र चिकटवल्यालं. मिस्त्रींचं तोंडच पडलं. सोन्याच्या मुखड्यावर कुणी शेण फासल्यागत बघत राह्यले.

रामप्रवेश डोळं चोळत बाहेर आला. सकाळचे धा वाजले असतील.

"खिडकी का झाकली?" मिस्त्रींनी विचारलं.

"मिस्त्रीजी, बुरा मत मानिए. उजाला बहुत है."

मिस्त्रींना जन्मात पयल्यांदा कुणी उजेडाची तक्रार केली होती. रामप्रवेशनं सांगितलं, रात्रभर मशिनीवर उभं राहून सकाळी सातला येतो, आडवं होतो आन् बरोबर तवाच सूर्य तोंडावर येतो. पूर्वेची खिडकी म्हंजी त्याच्या डोळ्यात दिवा.

परत जाताना मिस्त्री सायकल हातात धरून चालले होते. म्हणले, "हौसाबाय, मी खोली बांधली. राहणाऱ्याचा दिवस कवा उगवतो ते विचारलंच न्हाई."

पुढच्या आठवड्यात त्यांनी लाकडाच्या झडपा करून आणल्या. सुतारानं केल्या, पर बसवल्या सोता. झडप लावली का काळोख, उघडली का उजेड. पुठ्ठं सगळं काढून टाकलं. आन् नवीनच नियम काढला. दुपारी खोल्यांवर कुणी मोठ्यानं बोलायचं न्हाई. आम्ही भाड्याला गेलो तर तेबी कुजबुजत बोलायचे. भाबी चेष्टा करायची, "भाड्यानं खोल्या दिल्या का तिथं पाळणं बांधलंत?"

अडीच वर्सं बरं चाललं. हप्ता भाड्यातनं जायचा, वर थोडं उरायचं. मिस्त्रींनी थापी धुवून, तेल लावून खुंटीला अडकवली. मीबी घरी बसले, माझा थोरला कमवाय लागला होता.

मग ते लॉकडाऊन आलं. कंपन्या बंद. रस्त्यानं माणसं चालाय लागली, डोक्यावर बोचकी, पोरं कडंवर. आमच्या सातीबी खोल्यांना कुलपं लागली. रामप्रवेशनं किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली. "सामान अंदर है, मिस्त्रीजी. आऊँगा." मिस्त्रींनी किल्ली घेतली न्हाई. "तुझ्याकडंच ठेव. किल्ली खिशात असली का माणूस परत येतो," म्हणले.

पुढं महिनं गेलं. भाडं कुठनं येणार? हप्त्याला थोडी सवलत मिळाली, ती संपली. पतसंस्थेचा माणूस शिरूरच्या घरी यायला लागला. आधी चहा घ्यायचा, नंतर दारातच उभा राहायचा. एक दिवस जप्ती हा शब्द बोलून गेला. हळूच बोलला, पर बोलला.

त्याच दिवसांत रांजणगावचा एक ठेकेदार आला. त्याला माल ठेवायला चार खोल्या पाहिजे होत्या, भाडं दुप्पट द्यायला तयार. म्हणला, "कुलपं तोडा. त्यांचं सामान एका खोलीत रचून ठेवा. कोण परत येतंय आता?"

मिस्त्री खोल्यांवर गेले, मला संगं घेतलं. एकेका खोलीची भिंत बाहेरनं वाजवत गेले. पयली वाजवली, कान तिरका केला. दुसरी. तिसरी. रिकाम्या खोलीची भिंत येगळी वाजती, हे मला बावीस वर्सांत त्यांनीच शिकवल्यालं. आत पेट्या, अंथरूण, भांडी असली का आवाज परत येत न्हाई, आतच राहतो. सातीबी वाजवून झाल्यावर ठेकेदाराला म्हणले, "भरल्याल्या हायत."

"अवो मिस्त्री, माणूस न्हाई आत."

"कुलूप लावून गेलाय म्हंजी येतो म्हणून सांगून गेलाय."

घरी येऊन भाबीला सांगितलं. मला वाटलं ती रागावंल. घर तिचं जाणार होतं. ती भाकरी थापत होती. हात थांबला न्हाई तिचा. म्हणाली, "त्याचं कुलूप आपण तोडलं तर उद्या आपल्या कुलपाला कोण मान देईल? सोडा तो नाद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या दारात. खांद्याला पिशवी, त्यातनं थापीचा दांडा दिसत होता.

"हौसाबाय, येतीस का?"

मी विचारलंबी न्हाई कुठं. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ फळीवर पडून होती, ती झटकली आन् निघाले. दोघं म्हातारी. मोठी सायट आम्हाला कोण देणार? कुणाचा संडास, कुणाची मोरी, कुणाच्या गोठ्याची पडल्याली भिंत. मिस्त्री शिडी चढताना दोन्ही हात लावायचे. मी पाव घमेलं भरायचे आन् चार फेऱ्या मारायचे. माझा थोरला म्हणला, "आये, ह्या वयात?" म्हणले, "गप." आता खरं सांगते, ते दिवस माझ्या जन्मातले चांगले दिवस हायत. अंग दुखायचं, पर सकाळी उठायला कारण होतं.

त्याच वर्षी भाबीला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. मिस्त्री दिवसभर कामावर, तिच्याजवळ कोण बसणार? रेश्मा येऊन तिला दौंडला घिऊन गेली. गाडीत बसवताना भाबी म्हणाली, जीभ जड झाली होती तरी म्हणाली, "कागद आणल्याशिवाय मला न्यायला यायचं न्हाई." मिस्त्री हसले, पर ते त्यांनी मनात धरलं. दर शुक्रवारी दौंडला जायचे, तिच्याजवळ बसायचे आन् संध्याकाळच्या गाडीनं परत यायचे. मुक्काम करायचे न्हाईत. कागद न्हाईत म्हणून.

कामगार परत आले, एक एक करून. रामप्रवेश सगळ्यात शेवटी आला. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरंना. मिस्त्रींनी थापीला लावायचं तेल त्यात सोडलं, लई वेळ हालवलं, मग उघडलं. आत सगळं तसंच. भिंतीवरचं कॅलेंडर तसंच, त्याच महिन्यावर. रामप्रवेश दारातच उभा राह्यला. मग पिशवीतनं त्याच्या आईनं केल्याल्या गोड तळल्याल्या पुऱ्यांसारखं काय काढलं आन् आधी माझ्या हातावर ठेवलं. पुढं त्यानं मागचं भाडंबी थोडं थोडं करून दिलं. मिस्त्रींनी मागितलं नव्हतं.

सात वर्सं म्हणले होते, आठ लागली. शेवटचा हप्ता गेला तवा कारकुनानं कागदाची फाईल समोर ठेवली आन् एक दाखला दिला. "बोजा उतरला, चाचा." मिस्त्रींनी पिशवीतनं ती लाल ओढणी काढली. भाबीनं ती दौंडला संगं नेली होती, रेश्माकडनं मागच्याच शुक्रवारी मागून आणली होती. फाईल तिच्यात गुंडाळली आन् गाठ मारली. मला म्हणले, "गाठ बघ गं, सुटणार तर न्हाई?" मी ओढून बघितली.

त्या शुक्रवारी ते दौंडला गेले. पुढचं मला रेश्मानं सांगितलं. भाबी खाटंवर उशीला टेकून बसली होती. मिस्त्रींनी गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं उजव्या हातानं गाठ चाचपली, बघितलं बघितलं आन् म्हणाली, "भिंतीचं काय धरलं?" मिस्त्री एवढे हसले, एवढे हसले का रेश्माला पाणी आणावं लागलं. त्या दिवशी पयल्यांदा ते दौंडला मुक्कामाला राह्यले. सकाळी रेश्मा चहा घिऊन गेली तर उठले न्हाईत. भाबीजवळच, भिंतीकडं तोंड करून. तीच भिंत, त्यांनी लग्नाआधी लिंपल्याली.

दौंडलाच माती दिली. मला कळेपातुर दुपार झाली. मी पोचले तवा सगळं झालं होतं. तसंबी मी कोण जाणार पुढं? मी बिगारी.

त्याला वरीस झालं. भाबी परत आली शिरूरच्या घरात. कागद तिच्या उशाला असत्यात. मी रोज जाते, तिची वेणी घालते, आम्ही दोघी चहा पितो. कधी कधी ती मधीच बोलायची थांबती आन् भिंतीकडं बघती. मग मीबी बघते. दोघीतली कुणीबी उठून वाजवत न्हाई. खोल्यांचं भाडं मी आणून देते. दुपारची जाते आन् झडपा लावल्यात का बघते.

मिस्त्रींना मी शेवटचं बघितलं ते शिरूरच्या स्टँडवर. कागद घिऊन दौंडला निघाले त्याच शुक्रवारी. दौंडची एस्टी लागली होती. मी भाकरी आन् ठेचा बांधून आणला होता. मिस्त्री खिडकीशेजारी बसले, गाठोडं मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. दाढी केल्याली, पांढरा शर्ट इस्त्रीचा.

"घर झाडून ठेव," म्हणले. "तिला घिऊन येतो."

"ठेवते."

"आन् खोल्यांवर जा दुपारची. रात्रपाळीची माणसं झोपल्यात. झडपा लाव."

"लावते, मिस्त्री."

कंडक्टरनं बेल मारली. गाडी हालली. तवा त्यांनी एक हात गाठोड्यावरनं काढला, खिडकीच्या बाहेर घेतला, दोन बोटं वाकवली आन् एस्टीच्या पत्र्यावर टक टक केलं. कान तिरका धरला. मी खालनं गाडीबरोबर चार पावलं चालले आन् विचारलं, "काय म्हणती?"

ते हसले आन् काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं न्हाई.